ओजेटीचा शिक्का आणि ओहायोचा एक कॉलेजवाला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागच्या आठवड्यात ऑन जॉब ट्रेनिंगवर, म्हणजे पोरं ज्याला ओजेटी म्हणतात त्यावर, पान भरून मजकूर होता. नवीन शैक्षणिक धोरणामुळं कॉलेजची पोरं थेट कंपनीत जायला लागली, डिग्रीबरोबर अनुभव मिळतोय, उद्योगांना तयार माणूस मिळतोय वगैरे वगैरे. सोबत फोटो होता, पोरं पिवळी हेल्मेटं घालून एका मशीनपाशी ओळीनं उभी, पण मशीन बंद होतं, ट्रेमध्ये एक बुरादा नाही, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा थेंब नाही आणि डोळ्यावर गॉगल एकाच्याही नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हा फोटो बघून कळतं की ही पोरं दहा मिनिटांसाठी आत आलेली आहेत.

माझं नाशिकच्या अंबडला छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो, म्हणजे त्यांचा माल आणून मशीनवर घडवून परत देतो, सीएनसी टर्निंग, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक ऑफिस, जिथं चहा आणि चलन (माल आल्या-गेल्याची पावती) एकाच टेबलावर असतं. जानेवारी संपला की गेटवर पोरं यायला लागतात. हातात कॉलेजचं पत्र, त्यात कंपनीचं नाव लिहायची जागा कोरी, म्हणजे तेच पत्र अंबडला चालतं, सातपूरला चालतं, सिन्नरला पण चालतं. चार क्रेडिट, १२० तास. हजेरीचा तक्ता बऱ्याचदा आधीच भरलेला असतो, वेगवेगळ्या दिवसांसाठी वेगवेगळं पेन वापरायची अक्कल मात्र वापरलेली असते. 'सर फक्त सही-शिक्का पाहिजे.' मी नाही म्हटलं की पोरगं रागावत पण नाही, सरळ शेजारच्या गाळ्यात जातं आणि तिथं मिळून जातं. शेजारच्याला तरी कशाला दोष द्यायचा, त्याला वाटतं गरिबाच्या पोराचं वर्ष कशाला अडवा.

आता यात पोरांना शिव्या घालणं सगळ्यात सोपं आहे आणि आपल्या पानावर एका प्राचार्यांनी तेच केलंय, म्हणे विद्यार्थ्यांमध्ये गांभीर्य नाही. माझं म्हणणं उलटं आहे. ज्याला आयुष्यात कंपनी बाहेरून पण माहीत नाही अशा पोराला कोरं पत्र देऊन 'जा, कुठंतरी काम शोध' म्हणणारं कॉलेज गंभीर आहे का? काम शोधणं, ते काम खरं आहे का बघणं, पोरगं तिथं काय करतंय यावर लक्ष ठेवणं, हे सगळं कॉलेजचं काम आहे. आणि हे मी माझ्या मनचं बोलत नाहीये, शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं हे करून दाखवलंय आणि तो माणूस नंतर आपल्याकडं भारतात येऊन सांगून पण गेलाय. त्याच्याबद्दल मराठीत फार काही वाचायला मिळत नाही म्हणून हे जरा लांबलचक पत्र, जागा असेल तेवढं छापा, पण मधलं कॉलेजचं शक्यतो कापू नका.

माणसाचं नाव आर्थर मॉर्गन. माझा त्याच्याशी संबंध आला तो शिक्षणामुळं नाही, पुरामुळं. ऑगस्ट २०१९ ला गोदेला पूर आला तेव्हा सगळं नाशिक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघत बसलं होतं, पाणी कमरेला लागलं की गळ्याला, आणि सराफ बाजार, भांडी बाजारवाले माल वर चढवत होते. त्यानंतर मी पूर आणि धरणं यावर मिळेल ते वाचायला लागलो आणि त्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेटन नावाचं गाव भेटलं. मार्च १९१३ मध्ये तिथं असा पूर आला की त्या सगळ्या खोऱ्यात साडेतीनशेच्या वर माणसं गेली, लोक माळ्यावर आणि छपरावर चढून रात्री काढत होते. गावात कॅश रजिस्टर बनवणारी एक मोठी कंपनी होती, तिचा मालक पॅटरसन यानं कारखान्यातलं काम थांबवून होड्या बनवायला लावल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी स्वतःहून वर्गणी काढली, जवळजवळ वीस लाख डॉलर, आणि घोषणा काय तर माळ्यावर बसून जी वचनं दिली ती आठवा. मग या पुराचा कायमचा बंदोबस्त करायला इंजिनिअर आणला तो हा मॉर्गन.

गंमत म्हणजे या इंजिनिअरकडं डिग्री नव्हती. १८७८ चा जन्म, लहानपण मिनेसोटात सेंट क्लाउड नावाच्या गावात गेलं, शाळा संपली, मग कोलोरॅडोत जाऊन खाणीत, लाकूडतोडीत, मिळेल ते काम केलं, तिथल्या युनिव्हर्सिटीत काही आठवडे बसला आणि सोडून दिलं. वडील सर्व्हेअर होते, ते पण आपलं आपण शिकलेले, त्यांच्याबरोबर परत येऊन साखळी ओढत ओढत हा मोजणी शिकला, दलदलीच्या जमिनीचं पाणी कसं काढायचं यात तरबेज झाला, सरकारी खात्यात काही काळ गेला, मग स्वतःची इंजिनिअरिंग कंपनी काढली. आज तो आपल्याकडं आला असता तर कुठल्याही पोर्टलवर त्याचा अर्ज पहिल्याच पानावर अडकला असता.

डेटनला त्यानं जे केलं ते आपल्या मेरीतल्या (सरकारची इंजिनिअरिंग संशोधन संस्था) इंजिनिअर मंडळींना नक्की माहीत असणार, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्यानं नदीवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर मिळून पाच धरणं बांधली, मातीची, पण कोरडी. म्हणजे एरवी धरणात पाणीच नाही, खाली काँक्रीटची भोकं, त्यांना दरवाजा नाही, त्यामुळं दरवाजा उघडायचा कुणी, कधी, कुणाला फोन करून हा प्रश्नच नाही. नदी रोजच्यासारखी त्या भोकातून वाहते, मागच्या जमिनीत शेती चालते, आणि पूर आला की भोकातून जाईल तेवढंच पाणी खाली जातं, उरलेलं मागं थांबतं आणि हळूहळू निघून जातं. १९१३ च्या पुराच्या वर अजून चाळीस टक्के पाणी आलं तरी निभेल असा हिशोब त्यानं धरला होता. केंद्र सरकारचा एक पैसा न घेता, ज्यांच्या मालमत्ता वाचणार त्यांच्याकडूनच आकारणी करून तीन कोटी डॉलरच्या वरचं काम १९२२ पर्यंत उभं केलं. त्या धरणांनी शेकडो वेळा पुराचं पाणी अडवून सोडलं, अजून चालू आहेत. आणि मजुरांच्या वस्त्यांवर त्यानं नुसते पत्रे नाही ठोकले, बरी घरं आणि पोरांना शाळा काढल्या. शिक्षणाचं वेड तिथंच दिसतं. डेटनमध्ये एक वेगळ्या धर्तीची शाळा उभी करण्यात पण तो पुढं होता.

आता मुद्द्याचं. डेटनपासून जवळच यलो स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावात अँटिऑक कॉलेज होतं. नाव मोठं, कारण १८५३ साली ते सुरू झालं तेव्हा पहिला अध्यक्ष होता होरेस मान, अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा जनकच म्हणा ना. मुलं-मुली एकत्र शिकणार हे तिथं पहिल्या दिवसापासून. पण १९१९ पर्यंत कॉलेजची पार रया गेली होती, विद्यार्थी शंभरच्या आत, इमारती पडायला आलेल्या, खिशात दमडी नाही. मॉर्गनला विश्वस्त म्हणून बोलावलं, त्यानं कॉलेज नव्यानं कसं उभं करायचं याचा आराखडाच मांडला, मग विश्वस्त म्हणाले तूच हो अध्यक्ष. (तिकडं कॉलेजचा प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचा प्राचार्य आणि संस्थेचा चेअरमन एकाच खुर्चीत.) १९२० साली, ज्यानं स्वतः कॉलेज धड केलं नाही, असा बेचाळीस वर्षांचा धरणवाला कॉलेजचा प्रमुख झाला.

१९२१ पासून त्यानं नियमच करून टाकला. प्रत्येक विद्यार्थी काही आठवडे वर्गात शिकणार आणि काही आठवडे बाहेर पगारी कामावर जाणार, पुन्हा वर्गात, पुन्हा कामावर, अशी अदलाबदल डिग्री मिळेपर्यंत, त्यासाठी चारच्या जागी पाच-सहा वर्षं लागली तरी चालतील. ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती हे पण सांगितलं पाहिजे, सिनसिनाटीत श्नायडर नावाच्या डीननं १९०६ पासून इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी असं चालवलं होतं. मॉर्गननं पुढं जाऊन ते सगळ्यांना लावलं, इतिहासवाला असो, साहित्यवाला असो, मुलगी असो मुलगा असो. कामं म्हणजे कारखान्यात, दुकानात, पेपरच्या ऑफिसात, शाळेत, प्रयोगशाळेत. आधी आसपासच्या गावांत, मग पार शिकागो-न्यूयॉर्कपर्यंत.

या योजनेतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात हुशारीचा भाग म्हणजे खुर्चीची वाटणी. कॉलेजनं पोरांच्या दोन पाळ्या केल्या. एक पाळी वर्गात असते तेव्हा दुसरी कामावर, मग उलट. कंपनीशी ठरवताना कॉलेज म्हणायचं, आम्हाला एक जागा द्या, त्या जागेवर वर्षभर माणूस असेल, फक्त माणसं दोन असतील, आलटून पालटून. म्हणजे कंपनीच्या बाजूनं ती खरी नोकरी झाली, तिचा पगार, तिचं टेबल, तिचं काम ठरलेलं. पहिला पोरगा जाताना दुसऱ्याला काम समजावून देणार, कारण काही आठवड्यांनी परत त्याच खुर्चीवर येऊन त्यालाच ते निस्तरायचंय.

हे मला इतकं का पटलं ते सांगतो. मागं आमच्याकडं बीकॉमची एक मुलगी आली होती, तिनं शिक्का नाही मागितला, काम मागितलं. मी तिला ऑफिसात बसवलं. आमच्या जॉबवर्कमध्ये पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचा, माल चलनावर येतो, मशीनिंग होऊन चलनावर परत जातो, आणि कोणता माल किती आला, किती गेला, किती रिजेक्शनमध्ये पडला हे जुळलं नाही की पार्टी आपल्या नावावर माल दाखवत बसते, जीएसटीच्या रिटर्नमध्ये तिकडं वेगळंच आणि इकडं वेगळंच. मी तिला एका पार्टीच्या चलनांचा गठ्ठा दिला आणि म्हटलं जुळव. पहिले काही दिवस ती नुसती विचारत होती, काका हे काय, काका ते काय, आमचा अकाउंटवाला वैतागला. मग एक दिवस ती डिस्पॅचच्या पोराला घेऊन आली, हातात गेट रजिस्टर, आणि दाखवलं की दोन गाड्या परत गेल्यात, पार्टीच्या वॉचमनची सही आहे, पण त्यांच्या स्टोअरनं एंट्रीच केली नाही म्हणून आपल्या नावावर माल दिसतोय. आमच्या जुन्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं कारण तो गेट रजिस्टर कधी उघडतच नाही. आता ही मुलगी कामाची झाली म्हणेपर्यंत तिचे तास संपले, परीक्षा आली, गेली. तिच्या जागी कुणी नाही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी येईल, परत काका हे काय पासून सुरुवात. तिच्या मागून तिचीच मैत्रीण आली असती, हिनं तिला सगळं सांगून ठेवलं असतं, आणि दोन महिन्यांनी ही परत आली असती, तर मी दोघींना एका पूर्ण माणसाचा पगार आनंदानं दिला असता, मेहेरबानी म्हणून नाही, मला परवडलं असतं म्हणून.

बरं, अँटिऑकला हे आपोआप नाही झालं. कॉलेजनं त्यासाठी वेगळी माणसं ठेवली, त्यांचं कामच हे की कंपन्यांच्या दारात जायचं, जागा मिळवायच्या, पोरांची आवड आणि जागा जुळवायची, मालकाला भेटून पोरगं कसं चाललंय विचारायचं. मॉर्गन स्वतः उद्योगवाल्यांमध्ये वावरलेला होता, गाडीचा सेल्फ स्टार्टर काढणारा चार्ल्स केटरिंग त्यानं विश्वस्त मंडळात आणून बसवला. विद्यार्थी काही वर्षांत शंभरच्या आतून काहीशेवर गेले, लांबलांबच्या राज्यातून यायला लागले. कॉलेजच्या आवारात, गावात छोटे धंदे पण निघाले. कास्टिंगची फाउंड्री निघाली, आणि त्याच्याच मुलानं, अर्नेस्टनं, पुस्तकात आत चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या छापायची कंपनी १९२६ मध्ये काढली, ती पुढं कित्येक दशकं चालली. कुठल्याही कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरचं उद्घाटन मी नेहमी पेपरात बघतो, तिथून बाहेर पडलेला धंदा अजून बघायचाय.

आता कुणी म्हणेल यात नवीन काय, आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका केलंच की. केलंच, आणि त्याचा मला अभिमान आहे, १९१९ ला रयत सुरू झाली म्हणजे काळ पण तोच. नाशकातच उदोजी मराठा बोर्डिंग १९१४ चं आहे, खेड्यातली पोरं शहरात राहून शिकावीत म्हणून. पण भाऊरावांपुढचा प्रश्न वेगळा होता, गरिबाच्या पोरानं स्वतःच्या घामावर शिकावं, कुणापुढं हात पसरू नये, श्रमाची लाज वाटू नये. मॉर्गनचा रोख श्रीमंताच्या पोरावर पण तेवढाच होता, त्याचं म्हणणं की बापाकडं पैसे असले तरी काम करायचं, कारण काम हाच अभ्यासाचा भाग आहे. आज आपल्या कॉलेजांत कमवा शिका योजना आहे ती कुठं येऊन थांबलीय बघा, पोरं झाडांना पाणी घालतात, लायब्ररीत पुस्तकं लावतात, तासावर पैसे मिळतात. पैसे लागणाऱ्या पोराला आधार म्हणून ठीक आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्या पाणी घालण्याचा आणि वर्गात शिकवतात त्याचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि ओजेटीमध्ये संबंध आहे तर पैसे नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी काम पण नाही. दोन अर्ध्या योजना शेजारी शेजारी चालू आहेत.

आमच्या बाजूचं पण बोलतो, नाहीतर म्हणाल कारखानदार नेहमी कॉलेजलाच बोलतो. ट्रेनी म्हणून पोरं घ्यायची आणि त्यांना पॅकिंगला लावायचं, वर्षभर तेच, हेल्परचा पगार वाचला, हे करणारे आमच्यात कमी नाहीत, प्रत्येक लाइनीत एखादा सापडेल. म्हणूनच मी म्हणतो कॉलेजचा माणूस आत आला पाहिजे, महिन्यातून एकदा तरी, आणि शॉपफ्लोअरवर उभं राहून पोराला विचारलं पाहिजे, तू काय करतोयस, दाखव. ऑफिसात बसून चहा पिऊन फोटो काढून जाणारा नको. असा माणूस आला तर आमच्यातले काही जण पोरं घेणंच बंद करतील, ते बरंच होईल.

मॉर्गनची आरती करायची म्हणून हे लिहीत नाहीये. माणूस हट्टी होता, स्वतःच्या नीतिमत्तेवर त्याचा जरा जास्तच विश्वास होता. १९३३ मध्ये रूझवेल्टनं टेनेसी खोरे प्राधिकरण काढलं, तेच ज्याच्यावरून आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये निघालं, त्याचा पहिला चेअरमन याला केलं. तिथं पण त्यानं मजुरांना शिकवायचं सोडलं नाही, नॉरिस धरणावर साडेपाच तासांच्या चार पाळ्या केल्या, जास्त लोकांना काम मिळावं म्हणून, आणि उरलेल्या वेळात त्यांच्यासाठी वर्कशॉप, वर्ग. पण त्याच धरणासाठी जवळजवळ तीन हजार कुटुंबं उठवली गेली, आणि मजुरांसाठी जे सुंदर नॉरिस गाव वसवलं त्यात काळ्या कामगारांना राहायला जागा नव्हती. कॉलेजात समतेचं बोलणाऱ्या माणसाच्या हाताखाली हे झालं, ते माफ करण्यासारखं नाही. पुढं बाकीच्या दोन संचालकांशी, खास करून लिलिएन्थॉलशी, त्याचं इतकं वाजलं की हा पेपरांतून जाहीर आरोप करायला लागला, राष्ट्राध्यक्षानं पुरावे द्या म्हटलं तर देईना, शेवटी मार्च १९३८ मध्ये रूझवेल्टनं काढूनच टाकलं. अँटिऑकचं अध्यक्षपद नावाला १९३६ पर्यंत त्याच्याकडंच होतं, म्हणजे धरणावर असताना कॉलेज दुसऱ्यांनी सांभाळलं. आणि तरी कॉलेज चाललं. मला वाटतं हीच त्याच्या कामाची खरी परीक्षा, त्यानं बसवलेली पाळ्यांची आणि जागांची घडी त्याच्यावाचून पण टिकली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट याच कॉलेजच्या, त्याच्या नंतरच्या काळातल्या. २००८ मध्ये कॉलेज बंद पडलं, माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये परत उघडलं, आणि उघडताना आलटून पालटून कामाची पद्धत ठेवूनच उघडलं.

आणि आता भारताचं, जे मला वाचून जरा धक्काच बसला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला, त्यात हा मॉर्गन सदस्य होता, सत्तरी गाठलेला. सोबत कोण, तर झाकिर हुसेन, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा केला होता, आणि मेघनाद साहा, जे टेनेसीसारखी योजना दामोदरवर करा म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होते. म्हणजे हाताला काम आणि डोक्याला शिक्षण हे बोलणारे दोघं, आणि धरणवाले दोघं, त्यात मॉर्गन दोन्हीकडं. १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर एक आख्खं प्रकरण आहे, ते मुख्यतः मॉर्गनचं मानतात, त्यात शिक्षण आणि प्रत्यक्ष काम जोडायचं, गावाच्या गरजांवरून अभ्यासक्रम ठरवायचा, छोट्या छोट्या निवासी कॉलेजांचा समूह करायचा असं सगळं आहे. त्यातून १९५६ नंतर देशात काही रूरल इन्स्टिट्यूट निघाल्या, आपल्या महाराष्ट्रात गारगोटीला एक आणि अमरावतीला एक. केरळात विश्वनाथन नावाच्या तरुणानं मॉर्गनकडून प्रेरणा घेऊन मित्रनिकेतन काढलं. मग पुढं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, लोकांना आपल्या पोराला साधी बीए-बीएस्सीचीच डिग्री पाहिजे होती कारण सरकारी नोकरी तिच्यावर होती, रूरल डिप्लोमाला विचारतो कोण. अहवाल कपाटात गेला. आता पंचाहत्तर वर्षांनी नवीन धोरणात तोच विचार ओजेटी म्हणून आलाय आणि आपण त्याचं काय केलं, तर हजेरीचा तक्ता.

नाशिकला हे जमण्यासारखं आहे असं मी का म्हणतो, तर इथं एका रिक्षाच्या अंतरावर सगळं आहे. सातपूर, अंबड, पलीकडं सिन्नर, ओझरला एचएएल, नोटांची प्रेस, द्राक्षाची पॅकहाउसं, वाइनरी, हॉस्पिटलं, मुक्त विद्यापीठ, आणि एकेका संस्थेची पाच-पन्नास कॉलेजं. डेटनच्या आसपास मॉर्गनला यापेक्षा फार जास्त काही मिळालं नव्हतं. अडचण आहे ती वेळापत्रकाची, मला कळतं, विद्यापीठाची परीक्षा सगळ्यांची एकाच दिवशी, अर्धी पोरं कामावर आणि अर्धी वर्गात हे त्या चौकटीत बसत नाही. पण आता बरीच कॉलेजं स्वायत्त झालीत, परीक्षा तीच घेतात, वेळापत्रक तीच करतात. मग स्वायत्तता कशासाठी मिळवली, लेटरहेडवर लिहायला का? एखाद्या स्वायत्त कॉलेजनं एकाच विषयाच्या, समजा तिसऱ्या वर्षाच्या बीकॉमच्या एकाच वर्गाच्या दोन पाळ्या करून बघाव्यात. शंभर जागा लागणार नाहीत, वीस-पंचवीस लागतील. त्या शोधायला एक प्राध्यापक वर्षभर शिकवण्यातून मोकळा करावा, त्याला स्कूटरचं पेट्रोल द्यावं, आणि नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फायली भरायचं काम त्याच्यामागं लावू नये एवढीच विनंती.

आणि या असल्या पत्रांना नेहमी उत्तर येतं की बोलणं सोपं आहे, तुम्ही काय करता, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. माझ्या ऑफिसात चलन जुळवायची एक जागा जूनपासून रिकामी आहे, दोन विद्यार्थ्यांमध्ये मिळून, वर्षभरासाठी, पगारी. शॉपमध्ये इन्स्पेक्शनला अजून एक निघेल, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापं घ्यायची साधनं आम्ही शिकवू, ड्रॉइंग वाचता येत नसेल तरी चालेल, ते पण शिकवू. आमच्या लाइनीतल्या आणखी काही जणांशी बोललोय, ते पण तयार आहेत. अट एकच, पोरं निवडून पाठवणारा आणि महिन्यातून एकदा येऊन बघणारा कॉलेजचा माणूस आधी ठरला पाहिजे, आणि त्यानं पहिल्या भेटीला येताना कोऱ्या नावाचं पत्र आणू नये. कुठल्या कॉलेजला यात रस असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता तुमच्याकडं आहेच.

आपला,
एक लघुउद्योजक
अंबड, नाशिक